वारीचं अंथरूण



आषाढी जवळ आली. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालायचं, म्हणजे अडीच-तीन आठवडे रोज रात्री जमिनीवर पाठ टेकायची. चप्पल आपण पारखून घेतो. अंथरूण मात्र घरात जुनं पडलेलं उचलतो. मग झोप होत नाही आणि सकाळी कंबर, गुडघे बोलायला लागतात.

गोधडी मऊ खरी, पण पावसात भिजली की जड होते, लवकर वाळत नाही. ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. वर कितीही पांघरा, खालून गारठा लागतोच. हवेची गादी छान, पण बाभळीचा एक काटा रुतला की संपली. आम्हाला फोमची गुंडाळायची चटई बरी वाटते. हलकी असते, पुसली की कोरडी.

घेताना एवढं बघा. कोपऱ्यावर पाणी टाकून दाबा. पाणी शोषलं तर घेऊ नका. दुकानातच फरशीवर अंथरून कुशीवर झोपा. लाजू नका. खुब्याचं हाड फरशीला टेकलं तर चटई पातळ आहे. लांबी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पुरली तरी चालते. पायाखाली कपड्यांची पिशवी घ्यावी. खाली प्लास्टिकचा कागद मात्र हवाच.

गटातल्या सगळ्यांनी मिळून घेतल्या तर भावही करता येतो. घरी कुणी म्हणालं, "चटईला कशाला पैसे?" तर सांगा, "चालायचं आम्हाला आहे!"