सांगितलेला भाव आणि झालेला भाव

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, पण निजामाचे नाणे आपल्या घरांतून लगेच गेले नाही. इंग्रजी रुपया तो कलदार आणि निजामाचा तो हाली, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीला तोंडपाठ होता. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षे दोन्ही चलने शेजारी शेजारी चालली आणि १९५९ मध्ये हालीचा कारभार पुरता आटोपला. म्हणूनच चारमिनार छापलेला हाली रुपया आपल्याकडे अजून देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, आजीच्या ट्रंकेतल्या पुरचुंडीत सापडतो. हाच रुपया मोठ्या शहरातल्या नाणेप्रदर्शनात प्लास्टिकच्या पाकिटात, वर किमतीची चिठ्ठी चिकटवून समोर आला की आपला माणूस थबकतो. एक तर त्याला वाटते, आपल्या घरी घबाड पडले आहे. नाही तर वाटते, हा विक्रेता सरळसरळ लुटतो आहे. माझ्या मते दोन्ही समजुती एकाच चुकीतून येतात. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे किंमत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो नुसता सांगितलेला भाव असतो. झालेला भाव कुठेच दिसत नाही, आणि या छंदातली महागाई नेमकी त्या न दिसण्यावर पोसली जाते.

आपल्याच दोन बाजारांकडे पाहू. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचे सौदे निघतात आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तिन्ही दर त्याच दिवशी जाहीर होतात. औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याला संध्याकाळी ते मोबाइलवर दिसतात. भाव पडला म्हणून तो चिडेल, पण भाव काय झाला याविषयी अंधारात राहणार नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, तिथल्या जनावरांच्या बाजारात याच्या उलट रीत. दलाल हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव ठरवतो आणि बघ्याला काही कळत नाही. तरी तिथे सहसा कोणी अडाणी ठरत नाही, कारण लाल कंधारी गोऱ्हा असो की देवणी, घेणाऱ्याला दात मोजता येतात, चाल बघता येते. म्हणजे भाव उघड नसला तरी मालाची पारख दोघांकडे सारखी असते. नाण्यांच्या प्रदर्शनात झालेला भाव झाकलेला, आणि पारखही एकाच बाजूला. दोन्ही गोष्टी विक्रेत्याच्या पारड्यात पडल्यावर चिठ्ठीवरचा आकडा फुगला नाही तरच आश्चर्य.

तो फुगतो कसा, हे चारमिनारच्याच रुपयावर तपासू. यंत्रावर पाडलेला हा रुपया निजाम मीर महबूब अली खानाच्या कारकिर्दीत, १९०३-०४ च्या सुमारास सुरू झाला. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी हजारी ८१८. म्हणजे नऊ ग्रॅमांहून किंचित जास्त शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या सराफी भावाने येणारी ही त्याची तळाची किंमत. तिच्यावरची प्रत्येक पै मागायला काही कारण हवे. कारणे असतात, पण ती भिंगाखाली दिसतात. चारमिनारच्या कमानीत 'मीम' हे अक्षर असेल तर नाणे महबूब अलींचे आणि 'ऐन' असेल तर उस्मान अलींचे. उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन आखूड आहे, पुढच्या नाण्यांवर पूर्ण. नाण्यावर हिजरी सन असतो आणि राज्यारोहणापासूनचे वर्षही. काही सालांचे रुपये पोत्याने पाडले गेले, काही सालांचे मोजके. आता टेबलावर काय होते ते पाहा. आखूड ऐनाच्या स्वच्छ नाण्याला कुठे तरी चांगली किंमत आलेली असते. तिच्या आधाराने सामान्य सालाच्या, झिजलेल्या रुपयालाही तीच चिठ्ठी लागते. विक्रेता जाडजूड क्राउझचा कॅटलॉग उघडून दाखवतो. त्यात एकाच नाण्याच्या अवस्थेप्रमाणे चढत्या किमती ओळीने छापलेल्या असतात, पण बोट बहुतेक वेळा शेवटच्या रकान्यावर पडते. शिवाय त्या किमती डॉलरमध्ये. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर विकायला नेता येत नाही, मग परदेशातल्या गिऱ्हाइकाचा भाव इथल्या नाण्याला लावायचा कसा, हे कोणी विचारत नाही.

दुर्मीळतेच्या नावाने जे चालते त्यापेक्षा श्रद्धेच्या नावाने चालते ते अधिक वाईट. शिवराई घ्या. शिवछत्रपतींच्या नावाचे हे तांब्याचे नाणे महाराजांनंतरही दीडशे वर्षे अनेक ठिकाणी पाडले जात होते. बाजारात सापडणारी बहुतेक शिवराई उशिराची, त्यात उत्तर पेशवाईतली दुदांडी तर ढिगाने. तरी प्रत्येक शिवराई 'महाराजांच्या काळातली' म्हणून पुढे केली जाते आणि घेणाऱ्याला घासाघीस करायचीही लाज वाटते. त्याहून खालची पायरी म्हणजे १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घालून मारुती किंवा रामपंचायतन छापलेले तांबे-पितळेचे तुकडे. असे नाणे कंपनीने कधीच पाडले नाही. आणि अगदी तळाशी वैष्णोदेवीचे पाच-दहा रुपयांचे नाणे. ते २०१२ चे, चलनातले. त्याला लाखो रुपये मिळतात, या अफवेवर कित्येकांनी आधी 'नोंदणी शुल्क' भरून पैसे घालवले. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि अशा व्यवहारात आपण कसलेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले.

विक्रेत्याची बाजू मात्र ऐकली पाहिजे. टेबलाचे भाडे, प्रवास, दोन-तीन रात्रींचा मुक्काम, वर्षानुवर्षे मालात अडकलेले भांडवल, बनावट नाणे गळ्यात पडण्याची जोखीम; हे सगळे किमतीत आले तर त्यात पाप नाही. आधी चढा भाव सांगून मग उतरणे ही आपली बाजारपद्धतच आहे आणि मुरलेले संग्राहक तिला घाबरत नाहीत. त्यांची खरेदी पाहण्यासारखी असते. पहिल्या फेरीत ते पाकिटाला हात लावत नाहीत. एकच नाणे तीन-चार टेबलांवर विचारून नुसते पुढे सरकतात. सजवलेल्या अल्बमपेक्षा त्यांना 'काहीही उचला, एकच भाव' असा डबा प्रिय, कारण तो डबा विक्रेत्याने घाईत भरलेला असतो आणि साल वाचायचे कष्ट त्यात राहून गेलेले असतात. खिशात भिंग आणि छोटा वजनकाटा असतो. ओतीव नकली नाण्याच्या काठावर सांधा दिसतो आणि वजन सहसा चुकते. सुट्या नाण्याऐवजी पाच-सहा एकदम मागून भाव उतरवतात. शेवटच्या दिवशी दुपारनंतर विक्रेत्याला गाडीभाडे सुटायला हवे असते, तेव्हा साधी नाणी स्वस्त होतात. दुर्मीळ नाणे मात्र तेव्हा नसतेच. ते पहिल्या तासात, बरेचदा दार उघडण्याआधी विक्रेत्या-विक्रेत्यांतच हात बदलून गेलेले असते. म्हणून 'शेवटी जा, स्वस्त मिळते' हा सल्ला अर्धाच खरा आहे.

कोणी म्हणेल, ज्याला परवडेल तो घेईल, जबरदस्ती कोणावर आहे? जबरदस्ती नाही हे खरे. पण मुरलेला संग्राहक वाचतो, तेव्हा फुगलेल्या किमतीचा सगळा भार नवख्यावर पडतो. तो पहिल्याच खेपेला पोळतो आणि छंद सोडतो. दुसरा भार पडतो घरातली नाणी विकायला काढणाऱ्या कुटुंबावर. चिठ्ठीवरचा आकडा पाहून आलेला माणूस पुरचुंडी घेऊन विकायला जातो, तेव्हा त्याला सांगितला जातो तो चांदीचा भाव. कसाईपणा म्हणून आपण यावर संतापतो, पण घेतानाचा आणि देतानाचा भाव यांत एवढी दरी राहू शकते ती मधला झालेला भाव कोणी लिहून ठेवत नाही म्हणून. आणि संग्राहक तरी कुठे साधू आहेत? स्वतःचे दुबार नाणे विकताना तेही कॅटलॉगच्या शेवटच्या रकान्यावरच बोट ठेवतात.

दुसरा आक्षेप असा की आता लिलावांचे निकाल इंटरनेटवर दिसतात, मग अंधार राहिला कुठे? उजेड वाढला आहे, हे मान्य. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रे छापलेल्या पत्त्यांच्या प्रदर्शनात आज गिऱ्हाईक मोबाइलवर मागच्या विक्रीचा आकडा दाखवूनच बोलणे सुरू करते, आणि विक्रेताही तोच आकडा पाहून बसलेला असतो. तिथेही सोंगे कमी नाहीत. मिकी मँटल या खेळाडूचा १९५२ चा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला आणि त्यानंतर माळ्यावरचा प्रत्येक जुना पत्ता सोन्याचा वाटू लागला. पण तो पत्ता महाग होता तो त्याच्या निष्कलंक अवस्थेमुळे, हे बातमीच्या मथळ्यात मावत नाही. आपल्याकडच्या लिलावांचेही तेच. तिथे जाते ते निवडक, उत्तम नाणे. हातोड्याच्या भावावर खरेदीदाराचे शुल्क आणि जीएसटी वेगळा. झिजलेल्या, पितांबरीने घासून चकचकीत केलेल्या हाली रुपयाला त्या निकालाचा काय उपयोग? संग्राहकाला नाण्यावरची जुनी काळपट झाक हवी असते. घासलेले नाणे त्याच्या लेखी अर्धे मेलेले असते, आणि आपल्याकडे दिवाळी आली की नेमके तेच हौसेने घासले जाते.

तिसरे म्हणणे मला सर्वांत आदरणीय वाटते: इतिहासाला किंमत लावूच नये. पण याचे उत्तर आपल्या शेजारीच, तेरला आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या गावात आयुष्यभर नाणी, मृण्मूर्ती, मणी गोळा केले आणि त्यांच्या संग्रहातून आजचे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्या वस्तूंचे मोल वस्तूपुरते नाही. वस्तू तेरची आहे, हे ठाऊक असण्यात ते आहे. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर रक्कम असते, गाव कधीच नसते. शेतात नांगराला हंडा लागला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवायचा असतो. तो न कळवता फुटून विकला गेला की प्रत्येक नाण्याला भाव येतो आणि सगळ्यांचा मिळून असलेला पुरावा नाहीसा होतो. फुगलेल्या चिठ्ठ्यांनी ही घाई वाढते, म्हणून मला त्यांची चिंता वाटते. नुसत्या हौशी माणसाचे चार पैसे जास्त गेले एवढाच प्रश्न असता तर त्यावर तासभर बोलण्याची गरज नव्हती.

नांदेड आणि लातूरच्या संग्राहकांना म्हणून एक विनंती आहे. सर्वांनी मिळून एक साधी वही ठेवावी. नाणे कोणते, हिजरी साल काय, वजन किती, अवस्था कशी, आणि प्रत्यक्ष किती रुपयांना घेतले किंवा विकले, एवढेच तीत लिहावे. नाव लिहू नये, म्हणजे लाजही वाटणार नाही. ती वही नवख्याला आणि पुरचुंडी घेऊन आलेल्या आजीबाईलाही दाखवावी. आणि ज्यांच्या घरी हाली रुपया आहे त्यांनी तो घासू नये, सराफाच्या काट्यावर टाकण्याआधी त्यावरचे साल कोणाकडून तरी वाचून घ्यावे.