घरांतील सांठवण व अन्नाची नासाडी



महोत्सवाच्या व्यासपीठावरून डबे आणि बरण्या यांविषयीं बोलणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत एक अब्ज टनांहून अधिक अन्न वायां गेलें व त्यांतील सुमारें ६० टक्के घरगुती होतें. तेव्हां हा प्रश्न आपल्याच कोठीच्या खोलींतला आहे.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याची बेगमी ही जुनी विद्या. तांदूळ, डाळी, मिरच्या, बोंबील, सुकट हीं उन्हांत खडखडीत वाळवून भरावयाचीं, यांत मोठें शहाणपण होतें. धान्यांत शेंकडा १४ भागांहून अधिक ओल राहिली कीं बुरशी धरूं लागते. मात्र उन्हांतलें धान्य ऊन असतांनाच झांकून ठेवूं नये. आंत घाम धरतो. तसेंच जुन्यावर नवें ओतण्याची संवय आम्हांस फार घातक वाटते. तळचें धान्य वर्षभर तळींच राहतें आणि त्यांतील कीड नव्यास लागते. डबा रिकामा करून, पुसून, वाळवून मगच भरावा.

काटकसर म्हणून बुरशी झटकून दाणे वापरणें ही मात्र काटकसर नव्हे. १९७४ सालीं गुजरात व राजस्थान येथील खेड्यांत बुरशी धरलेला मका खाऊन शंभरांहून अधिक माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. अवकाळी पावसानें भिजलेलें पीक नीट न वाळतां सांठविलें गेलें होतें. त्या बुरशीचें विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांस दिसत नाहीं व शिजवूनही पुरतें जात नाहीं. शेंगदाण्यांसही तोच धोका आहे.

शिळ्या भाताचीही गोष्ट अशीच. भातांत एका जंतूचें बीज असतें, तें उकळीनेंही मरत नाहीं. भात उबेंत तासन्‌तास राहिला कीं तें रुजतें, आणि एकदां विष तयार झालें कीं फोडणी देऊन कांहीं उपयोग नाहीं. सकाळीं फोडणीचा भात करावयाचा असेल, तर रात्रींचा भात पसरट भांड्यांत निववून दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें ठेवावा. फ्रीज ५ अंश सेल्सियसच्या वर जाऊं देऊं नये, व त्यांत वारा खेळेल इतकी जागा असावी. गच्च भरलेला फ्रीज म्हणजे नुसतें कपाट. कच्ची मासळी झांकून खालच्या कप्प्यांत, शिजलेलें वर.

पाकिटांवरील तारखांविषयीं थोडेंच सांगतों. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची व दर्जाची मुदत आहे. ती उलटतांच चांगली वस्तु फेंकण्याचें कारण नाहीं. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटल्यावर मात्र खाऊं नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. उरलेलें शिळें बहुधा कोणाच्या ताटांत जातें, हें येथें बसलेल्या सर्वांस ठाऊक आहे. तें वाईट झालें असल्यास दुखणेंही त्याच माउलीस भोगावें लागतें. खाण्याजोगें असेल तर तें सर्वांनीं वांटून खावें. आणि गृहस्थहो, रात्रीं बाहेर जेवावयाचें असल्यास तसें संध्याकाळच्या आंत घरीं कळवावें, म्हणजे पातेल्यांत एक वाटी तांदूळ कमी पडतील.