दाराशी येणारी ढकलगाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'सरकार, व्यापारी व सेवाभावी संस्था यांचे सहकार्य' असा भारदस्त विषय दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा तो विषय मी आपल्या उंबऱ्यापाशीच आणून ठेवते. रोज सकाळी आपल्या दाराशी कचऱ्याची ढकलगाडी येते, ती असल्या सहकार्यानेच येते.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका फार पूर्वीपासून आहेत. कचराकुंडीत वाकून, कुत्र्यांना हुसकावीत त्या माल काढीत. १९९३ साली महिला विद्यापीठातील शिक्षिकांच्या खटपटीने व डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे २००० साली घरोघरचा कचरा गोळा करण्याचे नियम झाले, आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने या बायकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. साधने व पुढची वाहतूक पालिकेने पाहायची, दारोदार बायकांनी फिरायचे, ओला-सुका वेगळा करून महिन्याचे पैसे आपण द्यायचे. सुक्यातला विकाऊ माल भंगारवाल्यामार्फत कारखान्यांत जातो, त्याचे पैसे त्या बायकांचे. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही, हे मला फार आवडते.

मात्र एकाने अंग काढून घेतले की बोजा गाडी ढकलणारीवर पडतो. आपण बायकाच आहोत, म्हणून स्पष्ट बोलते. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी, एवढेच त्यांचे मागणे आहे. २०१६ च्या नियमांत तर कंपन्यांनीच पुड्यासोबत गुंडाळायला पिशवी द्यावी, असे लिहिले होते. कंपनी देवो न देवो, जुने वर्तमानपत्र आणि लाल पेन्सिल कोणाच्या घरात नाही? ज्या हातांनी ती सुका कचरा निवडते, त्याच हातांनी तिला दुपारची भाकरी खायची असते.

आता आपल्या गल्लीचे. सुका कचरा निवडण्यासाठी जागा ठरवायची म्हणून पुढच्या आठवड्यात सभा आहे. अधिकारी येतील, सोसायट्यांचे चेअरमन येतील, दुकानदार येतील. जागा हवी, पण आपल्या भिंतीला लागून नको, असे प्रत्येकजण म्हणेल. म्हणोत बापडे. पूर्वी आपण सगळ्यांनी मिळून आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या भिंतीला लावलाच होता, आणि तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा आपल्याला दुर्गंधी म्हणजे काय ते कळले.

माझी तक्रार निराळी आहे. सभा सकाळी अकराला ठेवली आहे. त्या वेळी आपल्या गल्लीतल्या दोघीजणी तिसऱ्या मजल्यावर बादल्या उतरवीत असतात. गेल्या पावसाळ्यात पदपथावर ताडपत्री धरून माल निवडला तो त्यांनी. किती जागा लागते, छप्पर कोणत्या बाजूला हवे, हातपाय धुवायला नळ कुठे, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार? त्यांना विचारले तर म्हणाल्या, "चारनंतर ठेवा, आम्ही येतो."

सभेची वेळ चार करावी आणि दोघींना निमंत्रण द्यावे, असा अर्ज मी लिहून आणला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर आहे. चहाला जाण्यापूर्वी सर्वांनी सह्या कराव्यात. उद्या सकाळी आम्ही चौघी तो कार्यालयात नेऊन देणार आहोत.