चोलुलाची टेकडी

मेक्सिकोतील प्युएब्ला शहराच्या पश्चिमेस चोलुला नावाचे पुरातन गाव आहे. तेथे येणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसते ती एक हिरवी टेकडी आणि तिच्या माथ्यावरील दोन मनोऱ्यांचे पिवळे चर्च. त्यामागे क्षितिजावर पोपोकातेपेत्ल हा सुमारे ५,४०० मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. ‘धूर सोडणारा पर्वत’ हा त्याच्या नावाचा अर्थ. अनेक दशकांच्या शांततेनंतर डिसेंबर १९९४ मध्ये तो पुन्हा जागा झाला. तेव्हापासून त्याच्या शिखरावर जाण्यास मनाई आहे. पायथ्याचे गावकरी त्याला ‘दोन गोयो’ म्हणतात आणि दर वर्षी १२ मार्चला त्याला वस्त्रे व खाद्यपदार्थ अर्पण करतात.

पर्वत निसर्गाचा, टेकडी मात्र माणसांनी रचलेली आहे. कच्च्या विटांचा हा पिरॅमिड सुमारे ६६ मीटर उंच असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे ४०० मीटर लांब आहे. गीझाचा मोठा पिरॅमिड मुळात याच्या दुपटीहून उंच होता. तरीही घनफळात चोलुलाचाच मोठा. इसवी सनापूर्वी त्याचा आरंभ झाला आणि पुढे अनेक शतके जुन्या वास्तूवर नवी वास्तू चढत गेली.

१५१९ साली एर्नान कोर्तेसच्या सैन्याने चोलुलात हजारो लोकांची कत्तल केली. तोवर पिरॅमिडावर झाडेझुडपे माजली होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी त्याच्या माथ्यावर चर्च उभारले. जित लोकांच्या पवित्र स्थानावर आपले दैवत बसवावे, हा जेत्यांचा हेतू उघड होता.

परंतु काळाने या चर्चलाही तेथील जनतेचे करून टाकले. आज सप्टेंबरच्या उत्सवात त्याच जित लोकांचे वंशज भक्तिभावाने टेकडी चढतात. संशोधकांपुढे त्यामुळे मोठा पेच उभा राहिला. पिरॅमिड पूर्ण उघडा करावा, तर चर्च पाडावे लागेल. चर्च राखावे, तर पिरॅमिड मातीखालीच राहणार. यातून मार्ग निघाला तो आतून. १९३१ पासून पिरॅमिडाच्या पोटात बोगदे खोदण्यात आले. त्यांची एकूण लांबी सुमारे आठ किलोमीटर भरते. एकावर एक रचलेल्या वास्तूंच्या पायऱ्या व भिंती त्यांतून प्रकाशात आल्या आणि माथ्यावरील प्रार्थनाही खंडित झाली नाही. चोलुलात प्राचीनतेचा शोध घेताना जिवंत श्रद्धेला धक्का लागला नाही, हे प्रवाशाने विसरू नये.