देणगीबरोबर आपला प्रश्नही द्या
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



विद्यादानासाठी आपल्या समाजाचा हात नेहमीच सढळ राहिला आहे. आज मी द्रव्य मागावयास उभा नाही. आपल्या धंद्यातील न सुटलेला एक प्रश्न मी मागतो आहे.

1933 मध्ये मुंबई विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आरंभीचे विषय होते वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. गिरण्यांच्या नगरीत ही निवड स्वाभाविकच होती. पुढे याच विभागातील प्रा. मनमोहन शर्मा यांनी उद्योगांशी निकटचे नाते ठेवून संशोधन केले आणि 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. कारखान्याशी संबंध आल्याने विद्वत्तेला उणेपणा येत नाही, हेच यातून दिसते.

मुंबई दूर वाटेल. परंतु 1990 पासून जळगावातही विद्यापीठ आहे. राज्यात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण व संशोधन प्रकल्प आले आहेत. विद्यार्थी विषय शोधत फिरतो आणि विषय आपल्या जिनिंगच्या आवारात पडून असतो!

एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. वाण, ओलावा, साठवण यांनी उतारा बदलतो, हे आपण अनुभवाने जाणतो. पण किती बदलतो, हे नेमके मोजतो का? हजार क्विंटल कापसामागे एक टक्का उतारा वाढला, तर दहा क्विंटल रुई, म्हणजे 170 किलोच्या जवळजवळ सहा गाठी अधिक मिळतील. एक हंगामभर नोंदी ठेवणारा विद्यार्थी हे काम करू शकेल.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. माझ्या एका विद्यार्थ्याने एका पेढीवर महिनाभर नोंदी घेतल्या. आकडे गैरसोयीचे निघताच त्याच्याकडून वह्या काढून घेतल्या गेल्या. त्याचे श्रम वाया गेले आणि पेढीचा प्रश्नही तसाच राहिला. म्हणून काय गुप्त राहील व काय प्रसिद्ध होईल, हे आरंभीच लेखी ठरवावे. विद्यार्थ्यास फुकटचा मजूर समजू नये; प्रवासखर्च व मानधन द्यावे. निष्कर्ष आपल्या समजुतीविरुद्ध गेला, तरी तो ऐकून घ्यावा. आपली दृष्टी हेच संपूर्ण सत्य नव्हे, ही अनेकांताची शिकवण आपल्याला नवी नाही.

पन्नास वर्षे या संस्थेने मुलांच्या शिक्षणाला आधार दिला. आता आपल्या पेढीचे दारही त्यांच्यासाठी उघडावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.