कर्मचारीविरहित रेल्वे थांबा : बचत कोणाची, भार कोणावर?



तंजावर म्हटले की मराठी मनाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. याच तंजावरच्या भातखाचरांतून जाणारे रेल्वेमार्ग ग्रामीण विकासातील एका दुर्लक्षित प्रश्नाचा अभ्यास करण्यासही उपयुक्त आहेत. तो प्रश्न म्हणजे कर्मचारी नसलेल्या लहान थांब्यांचा.

नागपट्टिणम-तंजावर लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला. पुढे तंजावर जिल्हा मंडळाने स्थानिक उपकरातून निधी उभारून स्वतःचा मार्ग बांधला. मायावरम, म्हणजे आजचे मयिलादुतुरै, ते मुत्तुपेट हा तो मार्ग १८९४ मध्ये खुला झाला आणि नंतर पट्टुकोट्टईमार्गे वाढविण्यात आला. या भागातील रेल्वेच्या उभारणीत ग्रामीण करदात्यांचा असा प्रत्यक्ष वाटा आहे.

भारतीय रेल्वेच्या २०१७ च्या वर्गीकरणात स्थानकांचे उपनगरी, बिगरउपनगरी आणि हॉल्ट असे तीन गट असून उत्पन्न व प्रवासीसंख्या हे त्याचे मुख्य निकष आहेत. हॉल्टवर सहसा स्टेशन मास्तर नसतो. अनेक ठिकाणी कमिशनवर नेमलेला एजंट जवळच्या स्थानकातून तिकिटे आणून विकतो आणि गाडी सोडण्याचा इशारा गार्ड देतो. म्हणजेच कर्मचारी नसले तरी काम संपत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी जाते.

याचे बोलके उदाहरण तिरुवारूर-कराईकुडी मार्गावर दिसले. रुंदीकरणानंतर २०१९ मध्ये हा संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला. ब्रॉडगेजवरील रक्षकविरहित फाटके त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत संपुष्टात आणली गेली होती. परंतु या मार्गावर पुरेसे फाटकरक्षक नव्हते. परिणामी फिरते रक्षक गाडीतूनच प्रवास करीत. प्रत्येक फाटकापाशी गाडी थांबे, रक्षक उतरून फाटक लावी आणि गाडी पुढे गेल्यावर ते उघडे. सुमारे १५० किलोमीटर अंतरास सहा तासांच्या आसपास वेळ लागे. मनुष्यबळाच्या कमतरतेची किंमत प्रवाशांनी वेळेच्या रूपाने मोजली.

जपानमध्ये जवळजवळ निम्मी स्थानके कर्मचारीविरहित आहेत. तेथे अनेक ग्रामीण मार्गांवर गाडीचा चालकच भाडे घेतो. तरीही होक्काइडो बेटावरील क्यू-शिराताकी हे स्थानक प्रवासी घटल्याने मार्च २०१६ मध्ये बंद झाले. शाळकरी मुलीच्या प्रवासामुळे ते जगभर चर्चेत आले होते.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबविण्यात आल्या. नंतर अनेक पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसच्या भाड्याने सुरू झाल्या. किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ववत करण्यात आले. या काळात सर्वाधिक झळ लहान अंतराच्या प्रवाशांना, म्हणजेच थांब्यांवर अवलंबून असलेल्या शेतमजुरांना, विद्यार्थ्यांना आणि भाजी विकणाऱ्या स्त्रियांना बसली.

थांब्याचे मूल्य केवळ तेथील तिकीटविक्रीवरून ठरविणे म्हणूनच अपुरे आहे. मासिक पास मोठ्या स्थानकावर काढला जातो, परतीचे तिकीट शहरात घेतले जाते, मोबाईलवरील तिकीट खिडकीच्या हिशेबात येत नाही. प्रत्यक्ष चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची गणना, पर्यायी बसची उपलब्धता आणि शाळा-रुग्णालयांचे अंतर हे निकष त्यास जोडणे आवश्यक आहे. थांबा कर्मचाऱ्याविना चालू शकतो. मात्र त्याविषयीचा निर्णय प्रवाशांना वगळून होऊ नये.