कॅमेऱ्याचा मुखत्यार कोण?



कामगार चळवळीतल्या माणसाने छायाचित्रणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु डिजिटल कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी गोल चकती असते, तिच्यावरचा प्रश्न आमच्या नेहमीच्या ओळखीचा आहे. निर्णय कोणी करायचा, माणसाने की यंत्राने? शिवाय छायाचित्र ही आता नुसती हौस राहिलेली नाही. आपल्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हजेरी कागदाच्या मस्टरवर लागे. पुढे १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या रोजगार हमी योजनेत, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, दिवसातून दोन वेळा मोबाइलवर फोटो काढून हजेरी नोंदणे बंधनकारक झाले. म्हणजे मजुरीचा पुरावा उजेडावर येऊन ठेपला. ज्याचा चेहरा फोटोत काळा पडला, त्याने आपण कामावर होतो हे कशाच्या आधारे सांगावे? यासाठी उजेडाचा हिशेब सर्वांना यायला हवा, आणि तो अवघड नाही.

हा हिशेब तीन आकड्यांचा आहे. पहिला आकडा लेन्समधल्या भोकाचा. त्याला ॲपर्चर म्हणतात. एफ/४, ५.६, ८, ११, १६ अशा त्याच्या पायऱ्या. आकडा जितका मोठा तितके भोक लहान, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. भोक लहान असले की जवळचे व लांबचे दोन्ही स्पष्ट येते. मोठे असले की नेम धरलेला माणूस तेवढा स्पष्ट, मागचे सारे धूसर. दुसरा आकडा शटर किती वेळ उघडे राहते त्याचा. सेकंदाचा १/१२५ वा भाग, १/२५० वा भाग, असा तो मोजतात. वेळ निम्मा केला की उजेडही निम्मा. नळ मोठा सोडून घागर लवकर भरा, नाही तर बारीक धारेने सावकाश भरा, पाणी तेवढेच. म्हणून एफ/८ ला १/१२५ आणि एफ/५.६ ला १/२५० यांत उजेड सारखाच पडतो. तिसरा आकडा आयएसओ. सभेत वक्त्याचा आवाज बारीक असला की आपण भोंगा वाढवतो. आवाज मोठा होतो, पण खरखरही मोठी होते. आयएसओचे तसेच. अंधारात तो फार वाढवला की चित्रात दाणे उठतात.

आता हे तीन आकडे ठरवायचे कोणी? चकतीवरच्या खुणा म्हणजे निरनिराळी मुखत्यारपत्रेच होत. ‘ऑटो’ म्हणजे कुलमुखत्यारपत्र. सारे कॅमेरा ठरवतो, तुम्ही फक्त बटण दाबता. ‘पी’ खुणेवर भोक आणि वेळ कॅमेराच सुचवतो, पण तुम्हांला ती जोडी बदलता येते. ‘ए’ किंवा काही कॅमेऱ्यांवर ‘एव्ही’ असते, तिथे भोक तुम्ही ठरवता, वेळ कॅमेरा बसवतो. सिंदखेडराजाच्या राजवाड्यापुढे घरच्या मंडळींना उभे केले, आणि माणसे व वाडा दोन्ही स्पष्ट हवीत, तर इथे एफ/८ किंवा ११ घ्यावे. ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ वर वेळ तुमच्या हाती. कबड्डीचा सामना असेल तर १/५०० धरावा; भोकाचे कॅमेरा पाहून घेईल. आणि ‘एम’ म्हणजे स्वराज्य. तिथे सारे तुमचे, आणि चूकही तुमचीच.

नवशिक्याने या स्वराज्याला भिऊ नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली. त्यांच्या कॅमेऱ्यात प्रकाशमापक नव्हता. उजेडाचा अंदाज माणसालाच बांधावा लागे. तो अंदाज आपल्यालाही साधेल. स्वच्छ उन्हात, ऊन अंगावर घेतलेल्या माणसासाठी एफ/१६ ठेवा. आयएसओ १०० असेल तर वेळ १/१२५ च्या आसपास धरा. उजेड बदलत नाही तोवर हे आकडे हलवायचे कारण नाही. भर दुपारच्या सभेत शंभर फोटो काढले तरी ते एकसारखे येतील.

परंतु मुख्य गोष्ट पुढेच आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करडी असावी असे धरून चालतो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून थोडी सुधारणा करतात, तरी मूळ खोड पुरती जात नाही. कापसाच्या गंजीचा फोटो घ्या; यंत्राला वाटते उजेड फार झाला, आणि पांढराशुभ्र कापूस मळकट येतो. नांगरलेल्या काळ्या रानाचा घ्या. त्याला वाटते उजेड कमी पडला, आणि काळी माती फिकट राखाडी होते. उन्हातान्हात रापलेला माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, पाठीमागे तळपते आभाळ. इथे यंत्र टोपीला आणि आभाळाला सांभाळते, चेहऱ्याचा बळी देते. सरासरीत न बसणाऱ्याचे असे होते, हे आम्ही मजुरीच्या आकड्यांत फार वर्षे पाहत आलो आहोत.

यावर उपाय आहे. अधिक-उणे अशी खूण असलेले एक बटण असते. ‘पी’, ‘ए’ आणि ‘एस’ या तिन्हींवर ते चालते. कापसाला आणि आभाळापुढच्या माणसाला अधिक एक द्यावे, काळ्या रानाला उणे एक. मोबाइलच्या बहुतेक कॅमेऱ्यांत पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून, शेजारी येणारी सूर्याची खूण वर सरकवली की तेच काम होते. मात्र जिथे तपशील महत्त्वाचा, तिथली पांढरी जागा पार जळू देऊ नका. काळोखातले थोडेफार मागाहून उजळता येते. जळून कोरे झालेले परत येत नाही. आणि हजेरीच्या फोटोत ही सोय नसेल, तर मेटने माणसांची तोंडे उजेडाकडे करून उभे करावे. त्याला पैसा लागत नाही.

अभ्यासाला आपल्याला लांब जायला नको. लोणार शेजारीच आहे. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर गेली. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या त्या विवराच्या काठावर सकाळी उभे राहा. वर आभाळ लख्ख, खाली उतारावर सावली. एकाच जागेवरून उणे एक, शून्य आणि अधिक एक असे तीन फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा. मग दैत्यसूदनाच्या देवळात जा. आतल्या अंधारात ‘ऑटो’ वर कदाचित फ्लॅश उडेल आणि कोरीव कामाचा उठाव सपाट होईल. तिथे परवानगी असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवा, ‘ए’ वर एफ/८ घ्या, आयएसओ १०० ठेवा आणि शटरला हवा तितका वेळ द्या. दगड दगडासारखा दिसेल.

‘ऑटो’ वापरू नका असे माझे म्हणणे नाही. घाईच्या वेळी मुखत्यार उपयोगी पडतो. पण त्याने काय करून ठेवले ते दर फोटोनंतर पडद्यावर तपासावे. चेहरा ओळखू येत नसेल तर माणसे पांगण्याआधी दुसरा फोटो घ्यावा.